कॅलेंडरामागची भिंत

दिगंबर,

परवा तुझा तेरावा झाला. पंगत उठली, पाहुणे गाड्या काढून गेले, अन् मी ओट्यावर चपला शोधत होतो तेवढ्यात श्रीकांत आतून आला. तुझा पोरगा चालतो बी तुझ्यासारखाच, एक खांदा खाली टाकून. म्हणाला, "काका, थांबा जरा. बाबांचा फोटो लावायचाय. खिळा कुठं ठोकायचा ते तुम्हीच सांगा, भिंत तुमची आहे."

भिंत तुमची आहे. पोर सहज बोलून गेलं. मला मात्र ओट्यावर खालीच बसावं लागलं.

तुला सगळं सांगायचं आहे. समोर होतास तेव्हा सांगितलं नाही. आता "मिस्त्री, मुद्द्यावर ये" म्हणायला तू नाहीस, तर मी माझ्या चालीनं सांगणार.

गोष्ट त्या पश्चिमेच्या भिंतीची. मी बांधली, तिला तडा गेला, अन् तिलाच लागून तुझी खाट. किती वर्षं मला एकच घोर होता. माझं मन मोडू नये म्हणून हा माणूस वाईट भिंतीखाली झोपतोय का?

तुझं घर बांधलं ते दुष्काळाचं साल. पाचोडच्या पलीकडं माझं गाव, तिथल्या विहिरींनी तळ दाखवला म्हणून मी अन् माझी बायको गयाबाई शहरात आलो. शहराला जणू दुष्काळ ठाऊकच नव्हता. हर्सूलच्या बाजूला शेतं मोडून प्लॉट पडत होते, जिकडं बघावं तिकडं खडी अन् सळया. माझं शिक्षण चौथी, ती बी अर्धी. पण हातात ओळंबा आला की मी कोणाला ऐकत नव्हतो, तुला बी नाही. तू कचेरीतला कारकून, कागदावर घराचा नकाशा काढून आणलास, अन् मी म्हणालो, "साहेब, संडास स्वयंपाकघराला चिकटवलाय. कागदाला वास येत नसंल, घराला येईल." तू नकाशा घडी करून खिशात घातलास. तेव्हाच मला तू आवडलास.

पहिल्या दिवशी वहिनींनी चहा दिला. मी कप विसळायला उठलो. आमच्या लोकांना ती सवय असतेच, कोणी सांगायची वाट बघत नाही आम्ही. तू म्हणालास, "मिस्त्री, ठेवा तो. पाण्याची ही बोंब, एक कप दोनदा कशाला धुवायचा?" तू दुष्काळावर ढकललंस. मी बी दुष्काळावरच ढकलू दिलं. पण त्या कपाची गोष्ट मी गयाबाईला सांगितली तेव्हा तिनं ती मला दोनदा सांगायला लावली.

बांधकामाला पाणी पाजावं लागतं, हे तुला मीच शिकवलं. सिमेंट पाण्यानंच घट्ट होतं. ओल मुरायच्या आत वाळलं तर केसासारखे तडे जातात. त्या साली टँकर यायचा तो प्यायलाच पुरायचा नाही. वहिनी तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत घेऊन भाड्याच्या खोलीवरून चालत यायच्या. गयाबाई परातीत उभी राहून अंघोळ करायची अन् तेच पाणी भिंतीवर मारायची. साबणाचं पाणी भिंतीला चालत नाही, म्हणून तिनं साबण लावायचा सोडला. तू एकदा ते पाहिलंस अन् मान खाली घालून निघून गेलास.

तीन भिंती निभावल्या. पश्चिमेची मात्र दुपारच्या उन्हानं खाल्ली. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघाला, बारीक, पेन्सिलीनं ओढल्यासारखा. मी माल भरून बुजवला. तो परत दिसला.

अन् त्याच आठवड्यात तुझा पुतण्या आला, पुण्याचा इंजिनिअर. गाडीच्या किल्लीनं भिंत वाजवली, तड्यावरून बोट फिरवलं, अन् तुझ्याकडं बघून म्हणाला, "अंकल, द हाऊस इज बॅडली बिल्ट."

मी तिथंच ओलं गोणपाट घेऊन उभा. विचारलं, "काय म्हणाले पाहुणे?"

तू माझ्याकडं बघितलंस, मग गयाबाईकडं. म्हणालास, "म्हणतो, लई मजबूत बांधलंय."

दिगंबर, तू आयुष्यात 'लई' म्हणायचा नाहीस. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

मी ते दोन शब्द गाठीला बांधले. पुण्याचा इंजिनिअर माझ्या कामाला बॅडली बिल्ट म्हणाला! पुढं फुलंब्रीला काम घेतलं तिथं सांगितलं. लासूर स्टेशनला एका व्यापाऱ्याचं गोदाम बांधायला घेतलं, त्याला छाती काढून म्हणालो, "शेठ, आपलं काम म्हणजे बॅडली बिल्ट." त्याला बी इंग्रजी येत नव्हतं. त्यानं दिवाणजीला हाक मारून सांगितलं, हे मिस्त्री साधे नाहीत.

मग एक दिवस तुझ्या समोरच्या प्लॉटचा मालक आला. शिकलेला माणूस. तुझ्या ओट्यावरच त्याला म्हणालो, "माझं काम बॅडली बिल्ट असतं. साहेबांना विचारा." तू चहा पीत होतास. तुला असा ठसका लागला की चहा नाकातून आला. तो माणूस एकदा माझ्याकडं बघे, एकदा तुझ्याकडं. तू तोंड पुसलंस अन् शांतपणे म्हणालास, "हो. माझं घर यांनीच बांधलंय. मी राहतो यात."

एवढंच. ते काम मला मिळालं.

दुसऱ्या दिवशी तू म्हणालास, "मिस्त्री, इंग्रजी शिकणार का?"

"आता? केस पांढरे व्हायला लागले."

"तो तुमचा शब्द जुना झालाय. आता वेल बिल्ट म्हणतात."

"शब्द बी जुना व्हतो व्हय?"

"माणसं होतात, मग शब्दांनी काय घोडं मारलंय?"

अशी आपली शाळा निघाली. टँकरच्या रांगेत. निळे ड्रम ओळीनं मांडलेले, तू तुझ्या ड्रमावर, मी माझ्या. खडूनं तू माझ्या ड्रमावर लिहायचास अन् टँकर आला की पाणी सांडून सगळं पुसून जायचं. पहिल्याच दिवशी तू म्हणालास की इंग्रजीत 'तू' अन् 'तुम्ही' एकच, दोघांना 'यू'. मी म्हणलं, मग आजपासून तू. तू म्हणालास, "मग मीही." रांगेतल्या बाया हसल्या. साहेबाला मिस्त्री अरेतुरे करतो! करतो म्हणलं.

तू सांगितलंस, क्रियापदाला तीन रूपं. गो, वेंट, गॉन. पहिली दोन आपल्या पायावर उभी राहतात, तिसऱ्याला टेकू लागतो. आधी हॅज नाहीतर इज, काहीतरी लावावं लागतं.

"म्हणजे स्लॅब," मी म्हणालो. "सेंट्रिंगबिगर उभा राहत नाय."

"बरोबर. फक्त इथं सेंट्रिंग काढून न्यायचं नसतं."

"मग ते ऑलरेडी, स्टिल, जस्ट? ती बारकी माणसं कुठं बसवायची?"

"टेकू आणि तिसरं रूप, यांच्या मधोमध."

"काळी-पिवळीत शेवटचं गिऱ्हाईक कोंबत्यात तसं."

"तसंच."

बिल्डचं मला पहिल्या झटक्यात पाठ झालं. बिल्ड, बिल्ट, बिल्ट. बांधणाऱ्याची जात, लई रूपं बदलत नाही. पण भांडलो मी प्रत्येक शब्दावर. एकदा आपण पोचायच्या आत टँकर रिकामा झाला. ड्रायव्हर पाइप गुंडाळत म्हणाला, "चाचा, पानी खतम, कल आना." तू लगेच धडा काढलास. द टँकर हॅज ऑलरेडी गॉन. माझं डोकं फिरलं. म्हणलं, "गेला तर गेला. ते ऑलरेडी कशाला वर? दुखतंय तिथंच दाबायचं?"

तू म्हणालास, "ऑलरेडी नसेल तर ती नुसती बातमी. ऑलरेडी घातलं की आपण किती धावत आलो होतो ते कळतं."

मी नाही मानलं. आज मानतो. फोन आला तेव्हा मी वाटेतच होतो, दवाखान्याच्या रिक्षात, वहिनींसाठी डबा घेऊन. तू ऑलरेडी.

अन् ते दुसरं, 'नॉट येट'. त्यावरनं तर आपण आठवडाभर तंडलो. आला नाही म्हणजे आला नाही, त्यात येट काय करतंय? तू ड्रमावर टिचकी मारून म्हणालास, "नॉट कम म्हणजे आला नाही. नॉट येट म्हणजे आला नाही, पण आपण उठायचं नाही." मागं उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, मंग आमचं सगळं नॉट येटच हाय की." तिला बी पाठ झालं. द ड्रम इज स्टिल नॉट फिल्ड, हे वाक्य त्या रांगेत पोरं गाण्यासारखी म्हणायची.

त्याच दिवसांत एकदा तू मला विचारलंस, "मिस्त्री, समज एखाद्या भिंतीला तडा गेलाय. तो वाढतोय की थांबलाय, हे कसं ओळखायचं?"

"कोणाची भिंत?"

"कोणाची नाही. समज."

मी ऐटीत सांगितलं. काचेची पट्टी घ्यायची, तड्यावर आडवी लावायची, दोन्ही टोकं सिमेंटमध्ये पक्की करायची. भिंत जरा जरी हलली तर काच तुटणार, कारण काचेला लवता येत नाही. तू मान हलवलीस अन् विषय बदललास. मला काय माहीत, त्या दिवशी शिकवणारा कोण अन् शिकणारा कोण होता.

पुढं शहर चढतच गेलं. तुझ्या गल्लीतले बंगले पाडून चार-चार मजले उभे राहिले. मला बी टॉवरच्या साइटवर काम लागलं. तिथं एक इंजिनिअर पोरगी होती, चुणचुणीत, हेल्मेट कधी काढायची नाही. एक दिवस फरशीवाल्यानं बाथरूमच्या फरश्या वाकड्या बसवल्या. तिनं बोट दाखवलं अन् कडाडली, "बॅडली फिक्स्ड! रिमूव्ह इट." फरशीवाल्याच्या माणसानं छिन्नी घेऊन सगळ्या फरश्या उचकटल्या.

मी बाजूला उभा. फिक्स्ड मला कळलं, तिसरं रूप. वाकडी फरशी डोळ्याला दिसत होती. अन् मधी तो शब्द, बॅडली. माझा शब्द. मी लासूर स्टेशनला छाती काढून सांगितलेला.

कोणाला काही विचारावं लागलं नाही, दिगंबर. तूच शिकवलं होतंस इतपत.

थापी तिथंच टाकली अन् चालत तुझ्या घरी आलो. वाटेत तुला काय काय बोलायचं ते जुळवत आलो. साहेबा, सगळ्या मुलखात माझं हसं केलंस. खरं ऐकायला मी काय काचेचा होतो? खरं सांगितलं असतंस तर त्याच दिवशी भिंत पाडून फुकट नवी बांधली असती, पाणी मिळो न मिळो.

दार उघडं होतं. तू दुपारचा झोपला होतास. खाटेवर, भिंतीकडं सरकून, पाठ पुरी भिंतीला टेकवून. अंगाखाली हात घेऊन, लहान पोर झोपतं तसा.

मी दारातून मागं फिरलो.

खोटं बोलणारा माणूस तोंडानं बोलून मोकळा होतो. तू तर तुझ्या खोट्याला पाठ लावून झोपत होतास. तुझ्याशी भांडायचं कसं? पण त्याच घडीला मला दुसराच घोर लागला. तोवर तो तडा मला तहानेचा वाटत होता, पाण्याविना वाळलेला, वरवरचा. इंजिनिअर मजबूत म्हणाला म्हणल्यावर मी परत बघितलाच नव्हता. आता कळलं, त्यानं वाईट बांधलंय म्हणलं होतं. तो शिकलेला, मी चौथी. त्याचं खरं निघालं तर?

बघावं म्हणलं तर तू त्या जागी कॅलेंडर लावलेलं. शहागंजातून दरवर्षी मोठं आणायचास, तारखा लांबून दिसाव्यात म्हणून. एकदा ते वाकडं झालं होतं, मी सरळ करायला हात घातला, तर तू खुर्चीतून उडी मारलीस. "राहू दे!" चहा सांडला. वहिनी आतून बघायला आल्या. मग तुला माहीत की तो तडा मला दिसता कामा नये, अन् मला माहीत की तू का उडी मारलीस. दोघं पुन्हा चहा प्यायलो, वांग्यांच्या भावावर बोललो.

मी बी कमी नव्हतो. मुद्दाम खोड काढायचो. तू शिकवायचास स्लोली, नाइसली, न्यूली, फ्रेशली. फ्रेशली पेंटेड, न्यूली मॅरिड. मी म्हणायचो, "सगळं चांगलंचुंगलंच शिकवतोस. वाइटाला शब्दच नाय का साहेबाच्या भाषेत?"

"आहे," तू म्हणायचास. "तुला नाही लागणार तो."

हे तू इतक्या सहज म्हणायचास की मला खिडकीबाहेर बघावं लागायचं.

दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा तुझ्या नाकात नळी. तरी तू हळूच विचारलंस, "मिस्त्री, काही बोलायचं राहिलंय का?" तुला कळलं होतं का रे, की मला कळलंय? मी म्हणालो, "नॉट येट." तू हसलास, नळी हलली, नर्स माझ्यावर ओरडली. आपण उठायचं नाही असंच मला म्हणायचं होतं. तू उठलास.

तर परवा. श्रीकांतच्या हातात तुझा फोटो, मोठी लाकडी चौकट. तो कॅलेंडरच्या खिळ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "हाच बरा आहे ना, काका? कॅलेंडर काढू?"

मी म्हणालो, "मी काढतो."

खुर्चीवर चढलो. श्रीकांतनं पाय धरले. कॅलेंडर उचलायच्या आधी चष्मा दोनदा पुसला. धूळ होती म्हणून पुसला असं लिहितो, तुला पटलं तर बघ.

मागं तडा होता. तेवढाच. पेन्सिलीची रेघ. सोडला होता तिथून एक बोट बी पुढं सरकला नव्हता.

अन् त्याच्यावर आडवी काचेची पट्टी. दोन्ही टोकांना पांढऱ्या सिमेंटचे लपके, ओल्यातच उठलेला कारकुनाचा अंगठा. काच धुरकटलेली, म्हातारी. पण अखंड.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "अगंबाई! भावजी, ते तुम्हाला दाखवायचं नाही म्हणून सक्त ताकीद होती मला."

"कधी लावली ही?"

"तुमची ती ड्रमावरची शाळा चालायची ना, तेव्हा. मी म्हटलं, मिस्त्रींनाच बोलवा की, नीट लावतील. तर म्हणाले, त्याला कळू नये म्हणून तर मी लावतोय!" वहिनींनी पदर डोळ्याला लावला, पण हसत होत्या. "दर वर्षी नवं कॅलेंडर टांगायच्या आधी काचेला नाक लावून बघायचे. म्हणायचे, 'स्टिल नॉट ब्रोकन.' मग मला सांगायचे, मिस्त्री याही वर्षी पास. चहा टाक."

मी खुर्चीवर तसाच उभा. श्रीकांत खालून म्हणत होता, "काका, उतरा, पडाल."

आधी राग आला, खरं सांगतो. माझी परीक्षा घेत होतास? दर वर्षी? पाठीमागं? मग घोर उतरला, अन् मी बी खुर्चीवरून उतरलो. म्हणजे तू जीव मुठीत धरून झोपत नव्हतास. तू खात्री करून झोपत होतास. तू माझ्यापायी धोका पत्करलास असं मला वाटत होतं, अन् तू तर काचेला नाक लावून निवांत घोरत होतास! याचं जरा वाईट बी वाटलं, हसू नको. पण दिगंबर, पुतण्याचं खरं की मिस्त्रीचं, ते तू ठरवून टाकलं नाहीस. भिंतीलाच विचारलंस, परत परत, अन् तिचं उत्तर एकट्यानं ऐकून दर वर्षी चहा पीत राहिलास. मला तेवढं सांगायला काय झालं होतं? सांगितलं असतंस तर आधीचं खोटं उघडं पडलं असतं, व्हय ना? मी बी त्याच पायी गप्प. दोघं म्हातारे एका कॅलेंडरच्या दोन बाजूंना बसून राहिलो.

श्रीकांतनं विचारलं, "काढून टाकू का ती काच?"

"हात लावू नको."

फोटो मी समोरच्या भिंतीवर लावला. खिळा मीच ठोकला. आता तुला खाटेवरची ती जागा सरळ दिसते. कॅलेंडर परत होतं तिथं टांगलं. नव्या वर्षाचं आणलं की मला हाक मारायची, असं श्रीकांतला बजावून ठेवलंय. बघायचं काम आता माझ्याकडं.

वहिनींनी चहा दिला. मी कप तसाच ठेवून उठलो.

आता तू नाही शिकवलास तो शब्द. बाहेर शिकून आलोय, तुझ्या तोंडावर म्हणायचा राहिला होता. काच मी जवळून बघितली. एक टोक वर, एक टोक खाली, माल कमी, घाईघाईत थापलेला. माझ्या हाताखालच्या पोरानं असं काम केलं असतं तर उचकटून फेकायला लावलं असतं.

भिंत वेल बिल्ट आहे, दिगंबर. काच बॅडली फिक्स्ड. लई बॅडली.